माइंड मॅप आणि कन्सेप्ट मॅप: रेघेवर काय लिहायचे?

कागदाच्या मध्यभागी विषयाचे नाव, त्यातून चहूबाजूंनी फुटलेल्या रंगीत शाखा आणि प्रत्येक शाखेवर एखादा शब्द, अशा आकृतीला माइंड मॅप म्हणतात हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मात्र चौकटी, बाण आणि बाणांवर लिहिलेले शब्द असलेली दुसरी एक आकृतीही सर्रास याच नावाने ओळखली जाते. ती वस्तुतः कन्सेप्ट मॅप, म्हणजे संकल्पना-नकाशा असते. दोन्हींमध्ये शब्द रेघांनी जोडलेले असल्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण अभ्यासात दोघांची कामे इतकी निराळी आहेत की एकाच्या जागी दुसरा वापरला, तर मेहनत होते आणि हवे ते हाती लागत नाही.

माइंड मॅपला लोकप्रियता मिळवून दिली ती ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी, विशेषतः १९७४ मध्ये बीबीसीवर सादर केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतून. शाखा काढून वर्गीकरण करण्याची रीत त्यापूर्वीची, फार जुनी आहे. बुझान यांनी तिला नियम घालून दिले. कागद आडवा धरावा, मध्यभागी चित्र काढावे, किमान तीन रंग वापरावेत, शाखा मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक असाव्यात, एका शाखेवर एकच शब्द लिहावा. यांपैकी शेवटचा नियम खरोखर उपयोगी आहे, कारण तो वाक्येच्या वाक्ये उतरवून काढण्याची सवय मोडतो; बाकीचे नियम बरेचसे आवडीनिवडीचे आहेत आणि शाखा सरळ काढल्या म्हणून कोणाचा अभ्यास बिघडत नाही.

कन्सेप्ट मॅप मात्र टिपणे काढण्यासाठी जन्मलेलाच नाही. १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवॅक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षे कशी बदलत जाते याचा मागोवा घेत होते. मुलाखतींच्या लांबलचक नोंदींमधून एखाद्या मुलाला नेमके काय समजले आहे हे हुडकणे अवघड जात असल्याने त्यांनी त्या नोंदी संकल्पना आणि त्यांच्यातील संबंध अशा आकृतीत मांडायला सुरुवात केली. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण ठरते, ही मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांची मांडणी त्यामागे होती. म्हणजे समज तपासण्याचे साधन म्हणून जी आकृती निर्माण झाली, ती पुढे शिकण्याचेही साधन बनली.

दोघांमधला मुख्य फरक रेघेत आहे. माइंड मॅपमधील रेघ मुकी असते: अमुक गोष्ट तमुक गोष्टीखाली येते, एवढेच ती सांगते. कन्सेप्ट मॅपमधील रेघेवर जोडशब्द लिहावाच लागतो, आणि दोन संकल्पना व त्यांमधला जोडशब्द मिळून एक पूर्ण विधान तयार होते. विधान म्हटले की ते बरोबर तरी असते किंवा चूक तरी.

प्रकाशसंश्लेषणाचे उदाहरण घेऊ. माइंड मॅपमध्ये ‘कच्चा माल’ या शाखेवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड येतील, ‘उत्पादने’ या शाखेवर ग्लुकोज आणि ऑक्सिजन येतील. सगळे जागच्या जागी आहे आणि काहीही चुकलेले नाही. आता तोच विद्यार्थी कन्सेप्ट मॅप काढायला बसला, तर ऑक्सिजनपर्यंत येणारा बाण कोठून सुरू करायचा हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेते आणि ऑक्सिजन सोडते हे पाठ असलेले अनेक जण तो बाण निःशंकपणे कार्बन डायऑक्साइडकडून काढतात. वास्तविक हा ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून मिळतो. ही चूक माइंड मॅपमध्ये वर्षभर सुखाने लपून राहिली असती, कारण तेथे तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तसेच प्रकाशावर अवलंबून असलेला टप्पा आणि केल्विन चक्र, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनण्याचा टप्पा, हे माइंड मॅपमध्ये शेजारशेजारच्या दोन शाखा म्हणून राहतात. पहिल्या टप्प्यात तयार झालेले एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून नेणारे रेणू दुसऱ्यात वापरले जातात, हा सगळ्या प्रक्रियेचा कणा असलेला संबंध दाखवण्यासाठी कन्सेप्ट मॅपमध्ये आडवा दुवा काढता येतो. नोवॅक अशा आडव्या दुव्यांना विशेष महत्त्व देत, आणि ते योग्यच आहे, कारण धड्यांच्या क्रमाबाहेर जाऊन विचार केल्याशिवाय ते सुचत नाहीत.

यावरून माइंड मॅप दुय्यम ठरतो असे मात्र नाही. त्याची रचना झाडासारखी असल्यामुळे प्रत्येक शब्दाला वर एकच पालक असतो, आणि म्हणूनच माइंड मॅपचे रूपांतर मुद्द्यांच्या उतरत्या यादीत सहज करता येते. निबंध, प्रकल्प-अहवाल किंवा सादरीकरण यांची तयारी करताना हा गुण फार मोलाचा आहे: सुचेल तसे शब्द शाखांवर टाकत जावे, मग शाखांना क्रमांक द्यावेत, की प्रकरणांचा आराखडा तयार होतो. संपूर्ण अभ्यासक्रम एका कागदावर पाहणे, उजळणीत काय राहिले आहे ते शोधणे किंवा एखाद्या व्याख्यानाची टिपणे घेणे यासाठीही तो सोयीचा आहे. कन्सेप्ट मॅपचे जाळे असे सरळ रेषेत उलगडत नाही. तरीही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. कोणते काम आधी करायचे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत संपवायचे हे माइंड मॅप सांगत नाही. त्यासाठी वेळापत्रक लागतेच, आणि सुंदर माइंड मॅप म्हणजेच नियोजन असे समजणारे विद्यार्थी ऐनवेळी अडचणीत येतात.

कन्सेप्ट मॅपची सुरुवात विषयाच्या नावाने न करता प्रश्नाने केलेली बरी. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शीर्षकाखाली काहीही मावते. ‘वनस्पतीला साखर तयार करण्यासाठी ऊर्जा कोठून मिळते?’ या प्रश्नाखाली मोजक्याच संकल्पना टिकतात. पंधरा ते पंचवीस संकल्पनांची यादी करून त्या सुट्या चिठ्ठ्यांवर लिहाव्यात, अधिक व्यापक संकल्पना वर ठेवाव्यात, आणि चिठ्ठ्या हलवून मांडणी पटल्यावरच बाण काढावेत. ‘संबंधित आहे’ असा जोडशब्द वापरण्याचा मोह टाळावा. तो लिहिणे म्हणजे मुकी रेघ काढण्यासारखेच आहे. क्रियापद जितके नेमके, तितका नकाशा उपयोगी. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक धड्याचा कन्सेप्ट मॅप काढण्याचा आग्रह धरू नये. जेथे कार्यकारणसंबंध गुंतागुंतीचे आहेत तेथेच तो काढावा. शब्दार्थ, सनावळ्या किंवा व्याख्यांच्या याद्या यांसाठी त्याचा काहीच फायदा नाही.

दोन्ही आकृत्यांना सारखाच लागू पडणारा एक धोका आहे, आणि तो म्हणजे पुस्तक समोर उघडे ठेवून त्या काढणे. जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढले, तर काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे लिहून काढले. आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे सरस ठरले. इतकेच नव्हे, तर परीक्षेत स्मरणातून कन्सेप्ट मॅपच काढायला सांगितला तेव्हाही त्यांचीच कामगिरी चांगली झाली. त्याच दोघांनी २०१४ मध्ये दाखवले की मजकूर दूर ठेवून कन्सेप्ट मॅप काढला, तर तो परिच्छेद आठवून लिहिण्याइतकाच परिणामकारक ठरतो. म्हणून आधी धडा वाचावा, पुस्तक मिटावे, एका रंगात नकाशा काढावा, आणि मग पुस्तक उघडून राहिलेले व चुकलेले दुसऱ्या रंगात भरावे. माइंड मॅपमध्ये दुसऱ्या रंगाने बहुधा सुटलेले शब्द भरले जातात. कन्सेप्ट मॅपमध्ये त्याच रंगाने बाणांवरची क्रियापदे बदलली जातात, आणि कोणता परिच्छेद पुन्हा वाचायचा हे त्यांवरून कळते.