रोझबडच्या बायकांनी शेल्टर काढलं त्याच्या मागची शंभर वर्षं

अमेरिकेत साउथ डकोटात रोझबड नावाचं रिझर्व्हेशन आहे, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेला प्रदेश, हे सिचांगू लाकोटा नावाच्या मूळनिवासी लोकांचं. १९७७ मध्ये इथल्या काही बायकांनी मिळून व्हाइट बफेलो काफ वुमन सोसायटी काढली आणि १९८० मध्ये त्यांचं शेल्टर, म्हणजे मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरा, सुरू झालं, रिझर्व्हेशनवरचं अशा प्रकारचं पहिलं शेल्टर म्हणून ते ओळखलं जातं. त्याआधी काय, तर मार खाऊन पोरांना घेऊन आलेल्या बाईला ह्याच बायका आपापल्या घरात ठेवून घ्यायच्या. पण ही गोष्ट नीट कळायची तर १८८१ पासून सांगावी लागते, आणि ते प्रकरणही रोझबडचंच.

त्या वर्षी क्रो डॉग नावाच्या लाकोटाने स्पॉटेड टेल ह्या त्यांच्याच बड्या नेत्याला गोळी घालून मारलं. लाकोटांच्या रिवाजाप्रमाणे दोन्हीकडची माणसं बसली, भरपाई ठरली, ६०० डॉलर, ८ घोडे आणि एक ब्लँकेट, आणि त्यांच्या लेखी मॅटर मिटलं. सरकारला हे काही पटलं नाही, क्रो डॉगला फाशी सुनावली गेली, पण १८८३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की ह्यात फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टाला अधिकारच नाही, सोडा त्याला. मग वॉशिंग्टनमध्ये जी ओरड झाली त्यातून १८८५ चा मेजर क्राइम्स अ‍ॅक्ट आला आणि रिझर्व्हेशनवरचे सात मोठे गुन्हे फेडरल कोर्टाकडे गेले. त्या यादीत बलात्कारही होता. म्हणजे आता आपल्याच गावात बाईवर बलात्कार झाला तर निवाडा कुठेतरी लांब, परक्या भाषेत, परक्या लोकांसमोर.

त्याच १८८३ मध्ये अजून एक सरकारी नियमावली आली, तिने सन डान्स हा धार्मिक नाच आणि वैदूंचे विधी गुन्हा ठरवले. ही बंदी १९३४ पर्यंत रेटली गेली. शिवाय १८७९ ला कार्लाइल गावात मूळनिवासी मुलांसाठी शाळा निघाल्यापासून बोर्डिंग स्कूलचा सपाटा लागला, मुलांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, भाषा बोलली की शिक्षा, आणि ह्या शाळांमधून मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाले हे आता सरकारी चौकशीतही आलेलं आहे. अशी पोरं मोठी होऊन घरी आली तेव्हा सोबत काय घेऊन आली असतील ह्याचा विचार करा. पूर्वी सगळं गोडगुलाबी होतं असं मला म्हणायचं नाहीये, पण लाकोटांत टिपी म्हणजे तंबू बायकोच्या मालकीचा असायचा, नवरा नको झाला की तिने त्याचं सामान बाहेर ठेवायचं, संपला संसार. ते सगळं मोडलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

सोसायटीचं नाव कुठून आलं तेही बघा. लाकोटांच्या कथेत दोन शिकाऱ्यांना एक स्त्री दिसते, तीच व्हाइट बफेलो काफ वुमन, एकाच्या मनात तिच्याबद्दल वाईट विचार येतो आणि त्याची जागच्या जागी हाडं होतात, दुसरा आदराने वागतो आणि ती पुढे त्याच्या लोकांना पवित्र चिलीम आणि सात विधी देते. सोसायटीच्या एक संस्थापक टिली ब्लॅक बेअर, स्वतः मारहाणीतून गेलेल्या, ही कथा बायकांवरच्या हिंसेची गोष्ट म्हणून सांगायच्या, की आमच्यात तर मनातसुद्धा बाईचा अनादर चालत नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं, कारण "बाईला मारणं आमच्यात चालतंच" म्हणणाऱ्याला त्याच्याच धर्मातलं उत्तर मिळतं.

१९७८ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला सिव्हिल राइट्स कमिशनने मारहाण होणाऱ्या बायकांच्या प्रश्नावर बैठक घेतली, तिथे टिली बोलल्या, आणि तिथे जमलेल्या बायकांमधूनच देशपातळीवरची आघाडी उभी राहिली. पण मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑलिफंट खटल्यात सांगितलं की मूळनिवासी नसलेल्या माणसावर ट्राइबल कोर्ट, म्हणजे मूळनिवासींचं स्वतःचं कोर्ट, फौजदारी खटला चालवूच शकत नाही. (आपल्याकडेही त्याच वर्षी देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं होतं.) ह्याचा परिणाम असा की गोरा नवरा रिझर्व्हेशनवर राहून बायकोला मारतो, ट्राइबल पोलीस येतात, पण त्याच्यावर केस फेडरल सरकारच्या वकिलानेच करायची, आणि तो अनेकदा करतच नाही. २००५ ते २००९ मधल्या आकड्यांवर सरकारचाच रिपोर्ट आहे, लैंगिक अत्याचाराची ६७ टक्के प्रकरणं फेडरल वकिलांनी घेतलीच नाहीत.

मग शेल्टरमध्ये जे घडत गेलं ते ह्या सगळ्याच्या उलट दिशेने. सेज नावाच्या सुगंधी पाल्याचा धूर घेणं, इनिपी म्हणजे घामाच्या झोपडीतला विधी, गोल बसून एकेकीने बोलणं, आज्या-मावश्या, तिओश्पाये म्हणजे सगळा गोतावळा. ज्याच्यावर सरकारने बंदी घातली होती तेच आता उपचार म्हणून. पुढे सेक्रेड सर्कल नावाच्या गटाने तर मिनेसोटातल्या डुलुथमध्ये तयार झालेलं हिंसेचं प्रसिद्ध चक्रच, म्हणजे घरातली हिंसा कशी चालते ते गोलात दाखवणारी आकृती, बदललं, कारण वर्तुळ त्यांना पवित्र, त्यात हिंसा कशी दाखवायची? म्हणून हिंसेसाठी त्रिकोण, कोणीतरी वर बाकीचे खाली, आणि बरोबरीच्या नात्यासाठी वर्तुळ.

इथे मराठी माणसाला लगेच जात पंचायत आठवणार, आणि शंका रास्तच आहे, समाजाने बसून मिटवायचं म्हणजे बहुतेक वेळा बाईला गप्प करायचं. पण तिथल्या कार्यकर्त्या बायकांनीच हा धोका ओळखला, मारणाऱ्याला आणि मार खाणारीला समोरासमोर बसवून समेट घडवायला त्यांच्यातल्या अनेकींचा विरोध आहे. परंपरा हवी, पण बाईची सुरक्षितता आधी.

कायदा हळूहळू सरकला. २०१३ मध्ये, टिली जाण्याच्या एक वर्ष आधी, बायकांवरील हिंसाविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन घरगुती हिंसेपुरता ट्राइबल कोर्टांना बाहेरच्यांवर अधिकार मिळाला, २०१४ मध्ये पास्क्वा याकी, टुलालिप आणि युमाटिला ह्या तिघांनी सुरुवात केली. अनोळखी माणसाने केलेला बलात्कार किंवा घरातल्या मुलांना झालेली मारहाण त्यात बसत नव्हती, ते २०२२ च्या दुरुस्तीत आलं. अट अशी की आरोपीला वकील द्यायचा, कायदा शिकलेला न्यायाधीश ठेवायचा, ज्युरीत बाहेरचे लोकही घ्यायचे, आणि हे सगळं छोट्या ट्राइबला परवडायला पाहिजे ना, त्यामुळे पाचशेच्या वर ट्राइब असूनही हा अधिकार प्रत्यक्ष वापरणारे थोडेच आहेत. २०१७ पासून स्ट्राँगहार्ट्स नावाची मूळनिवासींसाठीची हेल्पलाइनही आहे, तिथे फोन करणाऱ्या बाईला रिझर्व्हेशन म्हणजे काय आणि गावातला पोलीस नवऱ्याचा चुलतभाऊ असला की तक्रार का करता येत नाही, हे पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.