सिंहस्थाच्या निविदा आणि खुली मानके : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये काळ सिंहस्थाने मोजायची सवय आहे आणि या विषयापुरती ती सोयीचीही आहे. २००३ चा सिंहस्थ झाला तेव्हा सरकारी संगणकात मराठी मजकूर कोणत्या पद्धतीने साठवावा, याचा सगळ्या कचेऱ्या पाळतात असा एकही नियम नव्हता. २०१५ च्या सिंहस्थाचा ध्वज जुलैत चढला, त्याच्या काही महिने आधी, मार्चमध्ये, केंद्राने ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा, सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले होते. २०२७ चा सिंहस्थ मात्र सगळी धोरणे कागदावर आणि जुनी झालेली असताना होतो आहे. गर्दीचे नियोजन, वाहनतळ, कॅमेरे, आरोग्य केंद्रे, हरवलेल्यांचा शोध, या प्रत्येकाला सॉफ्टवेअर लागते आणि ते निविदेतूनच येते. त्यामुळे ‘सरकारने ओपन सोर्सच का घेऊ नये’ हा प्रश्न शहरात पुन्हा निघाला आहे.

संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली याच जातीची, एवढे ठाऊक असले तरी पुढचे कळते. या चर्चेत एक गोष्ट मात्र सतत मागे पडते. सॉफ्टवेअर कोणाचे घ्यायचे यापेक्षा माहिती कोणत्या रूपात साठवायची हा प्रश्न मोठा आहे. सगळ्यांना उघड असलेले आणि कोणालाही वापरता येणारे ठरलेले रूप म्हणजे खुले मानक. सॉफ्टवेअर पाच-सात वर्षांनी बदलतेच, माहिती पन्नास वर्षे राहते. त्या प्रश्नाचा निकाल आपल्या देशात २००७ ते २०१० या काळात लागला, आणि तो अर्धवट लागला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ १९८३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, लिनक्स १९९१ मध्ये आले. सरकारांनी दखल घेतली ती या शतकाच्या सुरुवातीला. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, २०१७ मध्ये तो फिरवला, आणि २०२० मध्ये तिथल्या नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे ठरवले. केरळने शाळांमधून ही वाट धरली आणि सोडली नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये वेगळा मार्ग काढला. सॉफ्टवेअर कोणतेही वापरा, पण सरकारी दस्तऐवज खुल्या रूपात, म्हणजे ओडीएफ या फाइलच्या खुल्या रूपात साठवा, असे त्यांनी सांगितले. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या तिसऱ्या उदाहरणात आहे.

मराठीचा अनुभव यापेक्षा जुना आहे आणि तो आपल्या अंगावर उमटलेला आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये आले होते. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेत देणाऱ्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे मानक नव्हते असे नाही. पण कचेऱ्यांत, छापखान्यांत आणि कोर्टाबाहेरच्या डीटीपी दुकानांत काम चालले ते फॉन्टवर. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा सांकेतिक क्रम वेगळा. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसायची. फॉन्ट विकत घेणे म्हणजे स्वतःचीच कागदपत्रे वाचण्याचा परवाना विकत घेणे होते. मला ही गोष्ट तेव्हाही अन्यायाची वाटत होती आणि आजही वाटते.

यातली गुंतागुंत जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर जसे दिसते तसे ठेवले जायचे. ‘निफाड’ लिहिताना आधी वेलांटी, मग न. युनिकोडमध्ये आधी न, मग वेलांटी, कारण तिथे उच्चाराचा क्रम साठवतात. रफाराचे उलटे: ‘सर्व’ मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये व च्या नंतर टाकायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द युनिकोडमध्ये तेरा संकेतांचा होतो आणि तो कोणत्याही संगणकावर त्याच तेरा संकेतांचा राहतो. जुन्या फॉन्टमध्ये मात्र ‘त्र्यं’ जोडायच्या एकाहून जास्त रीती असायच्या. एकाने तयार त्र उचलायचा, दुसऱ्याने अर्धा त घेऊन तुकडे जोडायचे. छापून दोन्ही सारखेच दिसायचे, पण शोध घेतला की एकच सापडायचे. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना चुका का झाल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवले: आवृत्ती ५.१ आणि तिच्या पुढच्या. सोबत फॉन्टसाठी खुल्या फॉन्ट रचनेचे आंतरराष्ट्रीय मानकही आले. हा काळ महाराष्ट्रालाही महत्त्वाचा. त्याच महिन्यात राज्याने मराठी वर्णमाला आणि देवनागरी लिपीच्या प्रमाणीकरणाचा शासन निर्णय काढला. आणि ५.१ ही तीच आवृत्ती, जिच्यात ‘ॲ’ ला २००८ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. तोपर्यंत ‘ॲडव्होकेट’ लिहिणारा अ वर चंद्र ठेवून भागवत होता. अनेक जण आजही तसेच लिहितात, आणि दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी संगणकाला ती वेगळी वाटतात. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दाचेही तसेच. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेल्या र पासून, किंवा साध्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. ज्या जिल्ह्याच्या निम्म्या सरकारी कागदांवर हा शब्द आहे, तिथे शोधयंत्रणेने दोन्ही रूपे एक मानलीच पाहिजेत, ही अट निविदेत लिहावी लागते. न लिहिल्यास कोणी पाळत नाही.

आता मुख्य वाद. ओडीएफ २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यानंतर जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या ऑफिस संचाच्या कंपनीने आपले रूप, ओओएक्सएमएल, मानक म्हणून पुढे केले. त्याचा तपशील सहा हजारांवर पानांचा होता. सप्टेंबर २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत त्यावर मतदान झाले तेव्हा भारताने हरकतींसह ‘नाही’ म्हटले. दुरुस्त्यांनंतर मार्च २००८ मध्येही भारताचे मत ‘नाही’ असेच राहिले. मानक तरीही मंजूर झाले. भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएला या चार देशांनी अपील केले, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळले गेले. मानकांच्या समित्यांच्या बैठका एरवी कोणाच्या गावीही नसतात. त्या दोन वर्षांत मात्र त्यांत कोण बसले आहे आणि कोण कोणाच्या बाजूने बोलते आहे, यावर वर्तमानपत्रांत मजकूर येत होता.

एकाच कामासाठी दोन आंतरराष्ट्रीय मानके झाल्यावर देशात प्रश्न उभा राहिला, की सरकारने कोणते घ्यायचे. केंद्राच्या खुल्या मानकांच्या धोरणाचा मसुदा २००८ मध्ये पुढे आला आणि अंतिम धोरण नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर झाले. मधला काळ दोन मुद्द्यांवर गेला. एक, प्रत्येक क्षेत्रासाठी एकच मानक की अनेक. दोन, मानकात गुंतलेल्या पेटंटांवर रॉयल्टी चालेल की नाही.

उद्योगाच्या संघटनांचे म्हणणे असे होते, की अनेक मानके असली तर निवड राहते आणि स्पर्धा होते. शिवाय मोबाइलसारख्या क्षेत्रांत पेटंटधारकांना वाजवी आणि भेदभाव न करणारी रॉयल्टी देऊनच जग चालते. ती पूर्ण नाकारली तर उत्तम तंत्रज्ञान सरकारच्या हाती लागणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे उत्तर साधे होते. रॉयल्टी ‘वाजवी’ असली तरी ती प्रतीमागे मोजावी लागते. ज्या सॉफ्टवेअरच्या प्रती कोणीही, कितीही, न विचारता काढू शकतो, त्याच्या प्रती कोण मोजणार आणि पैसे कोण भरणार? म्हणजे वाजवी रॉयल्टीची अट कागदावर भेदभाव न करणारी असली, तरी ओपन सोर्सला ती दाराबाहेरच ठेवते. आणि अनेक मानकांचा अर्थ व्यवहारात असा होतो, की ज्याच्या हाती आधीच बाजार आहे त्याचेच मानक चालते आणि दुसरे यादीत नावापुरते राहते. नागरिकाला अर्ज भरण्यासाठी अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घ्यायला लावणे हा त्याच्यावर बसवलेला छुपा कर आहे, हा त्यांचा मुद्दा मला निर्विवाद वाटतो.

अंतिम धोरणात या दुसऱ्या बाजूचे बरेचसे म्हणणे टिकले. आवश्यक पेटंटे मानकाच्या संपूर्ण आयुष्यभर रॉयल्टीविना उपलब्ध असावीत, मानक ना-नफा संस्थेने सर्वांच्या सहभागाने सांभाळावे, ते कोणत्याही एका तंत्राला बांधलेले नसावे, आणि जिथे लागू असेल तिथे भारताच्या सर्व राजभाषांना सामावू शकावे, या अटी अनिवार्य ठरल्या. शेवटची अट फारशी चर्चेत आली नाही, पण मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तीच. क्षेत्रातल्या एका कामासाठी एकच आणि रॉयल्टीमुक्त मानक, हे तत्त्वही मान्य झाले.

पण शब्दरचना अशी झाली, की सरकार असे मानक क्रमाक्रमाने स्वीकारण्याचा प्रयत्न करील. आणि सगळ्या अटी पुऱ्या करणारे मानक मिळाले नाही, तर काही अटी शिथिल करून तात्पुरते मानक घेता येईल. अपवादाचे कलम असणे चूक नव्हते. काही क्षेत्रांत खरोखरच पर्याय नव्हता. चूक ही, की अपवाद घेणाऱ्याने कारण लोकांपुढे मांडले पाहिजे असा धाक कोणावरच बसला नाही. म्हणून देशाने ज्या रूपाला दोनदा ‘नाही’ म्हटले, त्याच रूपातल्या फाइली आज कचेरीच्या ईमेलला जोडून येतात, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

या शतकाच्या सुरुवातीपासून कार्डांच्या आणि चिपच्या क्षेत्रात मात्र खुल्या मानकाचे प्रयोग यशस्वी झाले, आणि त्यांचे एक टोक नाशिकरोडला आहे. वाहनपरवान्याची स्मार्ट कार्डे आली तेव्हा धोका असा होता, की प्रत्येक राज्य एकेका पुरवठादाराच्या बंद कार्डात अडकेल. कानपूरच्या आयआयटीने केंद्राच्या संगणक यंत्रणेसोबत स्कोस्टा हे कार्डाच्या आतल्या प्रणालीचे मानक लिहिले, ते खुले ठेवले, आणि वाहतुकीच्या कार्डांना ते सक्तीचे झाले. कार्ड बनवणारे अनेक झाले. पासपोर्टच्या चिपलाही असेच प्रसिद्ध मानक मिळाले. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय १९२५ पासूनचे, देशाचे पासपोर्ट तिथेच छापले जातात. २००८ मध्ये चिप असलेले पहिले पासपोर्ट राजनैतिक वापरासाठी निघाले, आणि १ एप्रिल २०२४ पासून सामान्यांसाठीच्या ई-पासपोर्टची प्रायोगिक सुरुवात झाली. ही चिप आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या प्रसिद्ध दस्तऐवजाप्रमाणे चालते. त्यामुळे नाशिकरोडची पुस्तिका परदेशातल्या विमानतळावर, तिथल्या यंत्रात वाचली जाते. इथे ‘अनेक मानके असू द्या’ म्हणणारे कोणी निघाले नाही, कारण दुसरे मानक असते तर प्रवासी काउंटरवर अडकला असता. देशातल्या देशात मात्र कागद घेऊन अडकलेला माणूस निमूट दुसऱ्या खिडकीकडे जातो.

सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या कंपनीकडून जॉबचे ड्रॉइंग येते, ते तिच्या सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत असते, आणि चार मशीनच्या वर्कशॉपला ते उघडण्यासाठी महागडा परवाना घ्यावा लागतो. अशा ड्रॉइंगसाठी स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून आहे आणि जवळपास प्रत्येक कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढण्याचे, सॉफ्टवेअर ते लिहू-वाचू शकते. मागितले तर मिळते. पण पुरवठादाराने गिऱ्हाइकाकडे मागायचे कसे, ही अडचण. जीएसटीने उलटे उदाहरण घालून दिले. ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. त्याची रचना प्रसिद्ध आहे, म्हणून हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी बिल त्याच साच्यात जाते. सक्ती सॉफ्टवेअरची नाही, साच्याची आहे.

२०१५ चे ओपन सोर्स धोरण या सगळ्यानंतरचे. त्याने सरकारी खरेदीत ओपन सोर्सला प्राधान्य दिले आणि ते का वगळले याचे कारण पुरवठादाराने द्यावे, असे सांगितले. त्याच वर्षी सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचे धोरणही आले. राज्यांना ते आपोआप लागू होत नाही, त्यांनी स्वीकारावे लागते. प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, हे निविदा लिहिणाऱ्यांनी लवकर ओळखले.

अलीकडे चर्चेचा सूर बदलला आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या एका मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना देशी कंपनीचा ऑफिस संच वापरायला सांगितले. देशी कंपनीला काम मिळाले याचा आनंदच आहे. पण देशी असणे आणि खुले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. त्या संचातून फाइल कोणत्या रूपात साठवली जाणार, हा २०१० चा प्रश्न तिथेही तसाच लागू आहे. त्याच सुमारास जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने तीस हजार संगणक लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस संचावर नेण्याचे ठरवले आणि सोबत दस्तऐवजांचे रूप ओडीएफ ठेवले.

सिंहस्थाच्या निविदांपुरते बोलायचे तर पाहण्याच्या जागा तीन. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि शोधता येईल अशा रीतीने साठवण्याची अट आहे का. वेगवेगळ्या पुरवठादारांच्या यंत्रणा एकमेकींशी ज्या रचनेतून बोलणार ती प्रसिद्ध होणार आहे का. आणि कंत्राट संपल्यावर सगळ्या नोंदी कोणत्या रूपात, कोणाच्या ताब्यात परत येणार. या तिन्ही अटी निविदा निघण्याआधीच घालता येतात. काम दिल्यानंतर त्या घालायच्या तर कंत्राटात बदल करावा लागतो, आणि त्याची किंमत पुरवठादार सांगतो.