नऊ पावलांची परीक्षा : अमेरिकेतील रस्त्याकडेच्या मद्यचाचण्यांची पार्श्वभूमी

मद्य पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून भारतात चालकासमोर श्वास तपासण्याचे यंत्र धरले जाते आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा त्याला लागू होते. अमेरिकेत मात्र त्याआधी चालकाला गाडीतून उतरवून त्याचा तोल तपासण्याची रीत आहे.

१९७० च्या दशकापर्यंत या तपासणीला ठरावीक स्वरूप नव्हते. कोणी मुळाक्षरे म्हणायला लावी, तर कोणी नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगे. त्यात एकसूत्रता यावी म्हणून तेथील केंद्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने मार्सेलिन बर्न्स आणि हर्बर्ट मॉस्कोविट्झ या संशोधकांकडे काम सोपवले. त्यांच्या १९७७ च्या अहवालातला एक आकडा आजही बचाव पक्षाचे वकील पुढे करतात : पोलिसांनी ज्यांना अटकेस पात्र ठरवले, त्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या रक्तातील मद्य तेव्हाच्या ०.१० टक्के या मर्यादेपेक्षा कमी होते. १९८१ च्या पुढील अभ्यासानंतर तीन चाचण्या कायम झाल्या. बुबुळांची नकळत होणारी थरथर पाहणे, टाचेला पंजा लावत नऊ पावले जाऊन परतणे आणि ३० सेकंद एका पायावर उभे राहणे अशा या चाचण्यांची अचूकता अनुक्रमे ७७, ६८ आणि ६५ टक्के नोंदवली गेली. १९९८ च्या सॅन डिएगो येथील पाहणीत अटकेचे ९१ टक्के निर्णय बरोबर ठरले. पण तिथे तपासलेल्यांपैकी बहुतेकांनी मर्यादा ओलांडलेलीच होती, हे तो आकडा सांगताना सहसा गाळले जाते.

याउलट क्लेमसन विद्यापीठातील प्रयोगात मद्याचा थेंबही न घेतलेल्या २१ जणांची चित्रफीत १४ पोलिसांना दाखवली, तेव्हा ४६ टक्के वेळा त्यांनी ‘हा गाडी चालवण्याच्या अवस्थेत नाही’ असा निर्वाळा दिला. वय, वजन, पाठदुखी किंवा कानाच्या आतल्या भागाचा विकार यांमुळे शुद्धीत असलेल्या माणसाचाही तोल जातो, ही मर्यादा प्रशिक्षण पुस्तिकेतही मान्य केलेली आहे. शिवाय या चाचण्या रक्तातील मद्याचा अंदाज घेण्यासाठी घडवलेल्या आहेत. गाडी चालवण्याची क्षमता त्या मोजत नाहीत.

हक्कांची बाजू न्यायालयांत तुकड्यातुकड्यांनी घडत गेली. रक्ताचा नमुना म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ठरवले. रस्त्यात थांबवलेला चालक सामान्यतः ताब्यात घेतलेला मानला जात नाही, त्यामुळे त्याला मौनाच्या हक्काची समज देण्याचे बंधन नाही, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. माझ्या मते नऊ पावलांची परीक्षा इतकी टिकून राहिली ती या निकालामुळेच. अटकेनंतरची श्वासचाचणी वॉरंटशिवाय चालेल, पण रक्तासाठी वॉरंट लागेल, हा भेद २०१६ मध्ये झाला. बहुतेक राज्यांत तोलाच्या चाचणीला नकार दिल्याने परवाना जात नाही. अटकेनंतर श्वास वा रक्त देण्यास नकार दिला, तर मात्र तो निलंबित होतो.