शिकारी रायफलीसाठी फॅक्टरी ॲक्शन

बोल्ट रायफलीत काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, सारणारा, बार उडताना मागची बाजू घट्ट बंद ठेवणारा आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा जो पोलादी सांगाडा असतो त्याला ॲक्शन म्हणतात. रिसीव्हर आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट हे त्याचे मुख्य घटक. मोठ्या कारखान्यात तयार झालेली ॲक्शन घ्यायची आणि तिच्यावर हव्या त्या काडतुसाची नळी, मापाचा दस्ता व मनाजोगता चाप बसवून एका माणसासाठी एक रायफल घडवायची, ही कस्टम रायफलीची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. नळी झिजते तेव्हा बदलता येते आणि दस्ता तडकला तर नवा कोरता येतो. ॲक्शन मात्र तीच राहते, म्हणून निवडीचा खरा विचार तिच्यापाशी करावा लागतो.

मूळ घराणे माउझरचे. जर्मनीतील ओबर्नडोर्फ येथील पॉल माउझर यांची रायफल जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारली. माउझर ९८ या नावाने ओळखली जाणारी तिची ॲक्शन आजही मोजपट्टीसारखी वापरली जाते. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन लग म्हणजे अडकणारे ठोकळे असतात आणि मागे, मुठीजवळ, राखीव तिसरा. बोल्टच्या अंगाला एक लांब पोलादी पंजा बसवलेला असतो. बोल्ट फिरला तरी तो पंजा फिरत नाही. मॅगझिनमधून काडतूस वर येताच तो त्याच्या बुडाची कड पकडतो आणि पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट ढकलून मागे ओढला तरी पहिले काडतूस आत राहून दुसरे त्याच्या बुडावर आदळण्याचा प्रसंग येत नाही. काडतुसाच्या बुडातली, बार पेटवणारी टोपी फुटून गरम वायू मागे आलाच, तर बोल्टमधली छिद्रे आणि बोल्टच्या मागच्या टोपणाची रुंद कड तो नेमबाजाच्या तोंडापासून दूर वळवतात. ही रचना इतकी पक्की ठरली की अमेरिकी सरकारला आपल्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर स्वामित्वशुल्क मोजावे लागले.

लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने माउझरच्या ॲक्शन ब्रिटिश बाजारात आणल्या. मोठ्या काडतुसांसाठी लांब, ‘मॅग्नम’ मापाची ॲक्शन बनली तीही तिच्याच मागणीवरून. १९११ चे .४१६ रिग्बी हे काडतूस तिच्यावरच उभे राहिले. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्युएट यांनी भेट दिलेली .२७५ रिग्बी रायफल माउझर ॲक्शनचीच. .२७५ हे इंग्रजी नाव असले तरी काडतूस माउझरचेच ७ × ५७ मिमी होते. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या पडला तो याच रायफलीने.

निवडीची पहिली कसोटी काडतुसाची, नावाची नव्हे. .३०८ विंचेस्टर हे भरलेले काडतूस साधारण ७१ मिमी लांब असते, ३०-०६ स्प्रिंगफील्ड सुमारे ८५ मिमी, तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम ९१ मिमीच्या आसपास. मॅगझिनचा डबा, बोल्टचा प्रवास आणि रिसीव्हरचे तोंड या लांबीला पुरले पाहिजेत. कारखाने म्हणूनच आखूड, लांब आणि मॅग्नम अशा मापांत ॲक्शन काढतात. आखूड मापात लांब काडतूस बसवायचे तर रिसीव्हरचे पोलाद कोरावे लागते, आणि ते बहुधा नेमके जिथे जोर येतो तिथलेच असते. उलट लांब ॲक्शनमध्ये आखूड काडतूस चालते, फक्त वजन व बोल्टचा प्रवास वाया जातो. बोल्टच्या तोंडाचेही असेच आहे. ३०-०६ आणि .३०८ यांचे बूड सुमारे १२ मिमी, तर बुडालगत जाड कड्यासारखा कमरपट्टा असलेल्या मॅग्नम काडतुसांचे साडेतेरा मिमी. तोंड मर्यादेत मोठे करता येते, पण मोठे तोंड लहान करता येत नाही. म्हणून आधी काडतूस ठरवावे, मग त्याच बुडाची, त्याच लांबीची ॲक्शन शोधावी. स्वस्त मिळाली म्हणून आधी ॲक्शन घ्यायची आणि तिच्यावर काडतूस लादायचे, यातून नळीपेक्षा महाग दुरुस्त्या निघतात.

अमेरिकेत आज सर्वाधिक वापर रेमिंग्टन ७०० चा. १९४८ च्या ७२१ व ७२२ या रायफलींतून ती विकसित झाली आणि १९६२ मध्ये बाजारात आली. तिचा रिसीव्हर गोल नळकांड्यासारखा आहे. लेथवर तो सहज धरता येतो, त्यामुळे त्याचे तोंड, आटे आणि लग नळीच्या अक्षाशी काटकोनात व एका रेषेत आणणे सोपे जाते. धक्का दस्त्यात उतरवणारी पट्टी स्वतंत्र असते आणि ती नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये वॉशरसारखी बसते. बोल्टच्या तोंडाभोवती पोलादाची अखंड कड असल्याने काडतुसाचे बूड चहूबाजूंनी झाकले जाते. या गुणांमुळे अमेरिकी मरीन दलाची एम ४० आणि लष्कराची एम २४ या दोन्ही स्नायपर रायफली याच ॲक्शनवर उभ्या राहिल्या. सुट्या भागांचा मोठा बाजारही तिच्याभोवती जमला. उणीव पुंगळी काढणाऱ्या भागाची. माउझरच्या रुंद पंजापुढे हा एक लहानसा पत्रा आहे आणि काडतूस ढकलत असताना तो त्याला पकडत नाही. एक्स-मार्क प्रो चाप बसवलेल्या रायफली कंपनीला २०१४ मध्ये परत मागवाव्या लागल्या. कस्टम कामात चाप बहुधा बदललाच जातो, तरी जुनी ७०० घेताना त्यात कोणता चाप आहे हे आधी पाहायलाच हवे.

विंचेस्टर मॉडेल ७० हे माउझरचे अमेरिकी रूप. १९३६ ते १९६३ दरम्यानच्या रायफलींत पंजा आहे. खर्च वाचवण्यासाठी १९६४ मध्ये कंपनीने तो काढला आणि खरेदीदारांची नाराजी ओढवून घेतली. आजही ‘चौसष्टपूर्व’ हा शब्द किंमत वाढवतो. पुढे १९९० च्या दशकात पंजा परत आला, आणि त्या नव्या ॲक्शन कस्टम कामासाठी उत्तम आहेत. जुन्या सालासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण संग्रहाचे असू शकते, शिकारीचे नव्हे.

इतर घराण्यांपैकी सॅव्हेज ११० (१९५८) मध्ये नळी एका नटने आवळली जाते, त्यामुळे ती बदलणे आणि मापकाने बोल्ट व चेंबर यांच्यातले अंतर जुळवणे तुलनेने सोपे. दिसायला ओबडधोबड असली तरी कामाला खरी. रुगर ७७ (१९६८) चा रिसीव्हर ओतीव पोलादाचा असून दुर्बिणीची बैठक त्यातच असते. फिनलंडची टिक्का टी ३ अलगद सरकणाऱ्या बोल्टसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे सर्व काडतुसांना ॲक्शनची एकच लांबी. युगोस्लाव्हियाच्या झास्तावाने आणि बेल्जियमच्या एफएनने युद्धानंतर काढलेल्या नागरी माउझर ॲक्शन कारागिरांच्या विशेष आवडीच्या, कारण त्यांत लष्करी रायफलीतली, काडतुसे भरताना अंगठा जावा म्हणून ठेवलेली खाच वा जुन्या वापराची झीज नसते.

जुन्या लष्करी ॲक्शनबाबत सर्वाधिक सावधपण हवे. माउझर ९८ चे पोलाद आतून मऊ ठेवून वरची पातळ कातडी कठीण केलेली असते. लग घासून जुळवण्याच्या नादात ही कातडी निघाली, तर खालचा मऊ भाग दाबाखाली दबतो आणि बोल्ट व नळी यांच्यातले अंतर वाढत जाते. १८९३ आणि १८९६ च्या माउझर नमुन्यांना तिसरा लग नसतो, म्हणून जोरदार आधुनिक काडतुसे त्यांच्यावर लादू नयेत. सर्वांत धडा देणारे उदाहरण स्प्रिंगफील्ड १९०३ चे. सुरुवातीचे रिसीव्हर तापवताना कामगार रंगावरून तापमान ओळखत, आणि पोलाद जळून ठिसूळ होत असे. १९१७ मध्ये काही फुटल्यावर पद्धत बदलली. म्हणून स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचे ८,००,००० खालच्या आणि रॉक आयलंड या दुसऱ्या शस्त्रागाराचे २,८५,५०७ खालच्या क्रमांकाचे रिसीव्हर कस्टम रायफलीसाठी घेऊ नयेत. वरून ते कितीही सुंदर दिसोत, ठिसूळपणा डोळ्यांना दिसत नाही.

शिकार कोणती, यावरही निवड ठरते. डोंगरात हरिणाच्या मागे दिवसभर चालणाऱ्याला हलकी, दूरवर नेमकी मारणारी ॲक्शन हवी. तिथे रेमिंग्टन वा टिक्का पुरेशी. आफ्रिकेत म्हशी किंवा हत्तीसमोर दुसरा बार वेळेवर सुटणे हीच एकमेव गोष्ट महत्त्वाची असते, तिथे पंजाची ॲक्शनच घ्यावी. पंजाशिवायच्या ॲक्शननेही असंख्य जनावरे सुरक्षित पडली आहेत, हे खरे. पण उलटे धरलेल्या वा झाडीत आडव्या झालेल्या रायफलीतही जी काडतूस सोडत नाही, तीवर भरवसा ठेवणे अधिक शहाणपणाचे.

भारतात हा विषय कायद्याच्या चौकटीतच येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, बदलणे वा दुरुस्त करणे हा गुन्हा आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. परवानाधारकांच्या हातात बहुधा इशापूर रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल दिसते. तिची ॲक्शन ली-एन्फील्ड जातीची, म्हणजे लग बोल्टच्या मागच्या भागात. दाब आला की बोल्टचा दांडा किंचित दबतो, म्हणून सौम्य .३१५ ला ती योग्य, जोरदार काडतुसाला नाही. कॉर्बेट यांची ती .२७५ रायफल २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने परत विकत घेतली. त्याच कंपनीच्या आजच्या बिग गेम रायफली पुन्हा जर्मनीत बनलेल्या माउझर मॅग्नम ॲक्शनवर उभ्या केल्या जातात.