वाहनकर आणि वाहननिवड

लोकांनी कोणते वाहन घ्यावे आणि ते किती चालवावे, यावर कर, शुल्क व सवलतींमार्फत प्रभाव टाकण्याची शासकीय पद्धत. असा कर खरेदीच्या वेळी, दरवर्षी किंवा वापरागणिक इंधनावर व रस्त्यावर बसतो. खरेदीच्या वेळचा आकडा डोळ्यांत भरतो, त्यामुळे मॉडेल बदलायला तो अधिक उपयोगी. गाडी दारात आल्यावर ती किती फिरवायची, हे मात्र इंधनाचा भाव ठरवतो.

कर ज्या मापावर बसतो, ते माप पाहून गाड्या घडू लागतात. ब्रिटनमध्ये १९२१ पासून दर अश्वशक्तीला १ पौंड कर होता. ही अश्वशक्ती कागदावरची : सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे, २.५ ने भागायचे. पिस्टन वरखाली किती अंतर जातो, हे सूत्रात नव्हतेच. साहजिकच अरुंद, लांब सिलिंडरांची इंजिने निघाली. जपानच्या ‘केई’ मोटारी त्याच जातीच्या. लांबी ३.४ मी., रुंदी १.४८ मी. आणि इंजिन ६६० सीसी या मर्यादेत राहिले की कर कमी; मग जागा वाढवायची ती उंचीतच, म्हणून त्यांतल्या अनेक गाड्या उभ्या खोक्यासारख्या दिसतात.

२००१ मध्ये ब्रिटनने नव्या मोटारींचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडला. डिझेल गाड्या या मापात उजव्या ठरल्या व त्यांचा खप वाढला. त्यांच्या धुरातले, आरोग्याला घातक असे नायट्रोजन ऑक्साइड मापाबाहेर राहिले, अगदी त्या जुन्या पिस्टनसारखे.

नॉर्वेचे उदाहरण सर्वांत गाजलेले. तिथे विजेवरच्या मोटारींना १९९० पासून खरेदी करातून आणि २००१ पासून मूल्यवर्धित करातून सूट मिळाली. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९ विजेवरच्या होत्या. मात्र पेट्रोल-डिझेल मोटारींवर मुळातच जबर कर होता, म्हणून या सुटीला वजन आले. जिथे करच हलका, तिथे माफ करायला फारसे काही उरत नाही. २०२३ मध्ये विजेवरच्या मोटारीच्या किमतीतील ५ लाख क्रोनरच्या (क्रोनर हे नॉर्वेचे चलन) वरच्या भागाला मूल्यवर्धित कर लागू झाला.

फ्रान्सने २००८ मध्ये धुरकट गाड्यांवर दंड आणि स्वच्छ गाड्यांना अनुदान अशी जोडी लावली. लोक अपेक्षेपेक्षा जास्त संख्येने छोट्या गाड्यांकडे वळले आणि तिजोरीला खोट बसली. सिंगापूरची रीत निराळी : १९९० पासून तिथे गाडीच्या आधी १० वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो.

विजेवरच्या गाड्या वाढल्या की इंधनकराचे उत्पन्न घटते. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून त्यांनाही किलोमीटरनुसार रस्ता-वापर शुल्क लावले.