महर्षी कर्वे मार्ग, मुंबई

महर्षी कर्वे मार्ग : दक्षिण मुंबईतील एक प्रमुख रस्ता. पूर्वीचे नाव क्वीन्स रोड. कूपरेजकडून निघून ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने तो चर्चगेटला येतो आणि तिथून पश्चिम रेल्वेचे रूळ धरून मरीन लाइन्स, चर्नी रोड करीत ऑपेरा हाऊसपर्यंत जातो. स्त्रीशिक्षणाचे कार्य करणारे धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८–९ नोव्हेंबर १९६२) यांचे नाव त्याला दिले आहे. एकशे चार वर्षे आणि वर साडेसहा महिने जगलेल्या या माणसाची समाधी मुंबईत नाही. रस्ता आहे, आणि तोही शहराच्या जुन्या स्मशानांच्या अंगाने जाणारा.

मरीन लाइन्स स्थानकातून पूर्वेला उतरले की एका बाजूला चंदनवाडीचे स्मशान आणि शेजारीच मुसलमानांचे बडा कब्रस्तान. हा सगळा सोनापूरचा परिसर. हिंदूंची स्मशानभूमी इथून उचलून शिवडीला नेण्याचे सरकारने एकदा मनात आणले होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी विरोध केला आणि ती जागच्या जागी राहिली. गिरगावातल्या कित्येक पिढ्या याच रस्त्याने शेवटच्या मुक्कामाला गेल्या. कर्वे त्यांत नव्हते. त्यांचे निधन पुण्यात झाले.

कर्व्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात शेरवलीला, आजोळी झाला. वाढले ते दापोलीजवळच्या मुरूडला, समुद्रकाठी. जन्माच्याच वर्षी कंपनीचे राज्य संपून राणीचा जाहीरनामा निघाला, तेव्हा हे मूल सहा-सात महिन्यांचे होते. पुढे शंभरावर वर्षांनी क्वीन्स रोडवरची राणी उतरून तिथे ते बसावे, हा योगायोग पाटी लावणाऱ्यांच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही.

इतकी वर्षे जगलेल्या माणसाला आयुष्यातला पहिला मोठा नकार मिळाला तो वयावरूनच. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून सोबत्यांबरोबर सह्याद्रीचे घाट चढून ते पायी साताऱ्याला गेले. सतरा वर्षे पुरी झाली होती, पण अंगाने किरकोळ. ‘हा सतराचा दिसत नाही’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आल्या वाटेने परत फिरावे लागले.

मुंबईने मात्र त्यांना घडवले. १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर ते शाळांतून शिकवत, शिवाय पहाटेपासून शिकवण्या घेत. मुरूडच्या कामांसाठी मुंबईत नोकरीला असलेल्या गाववाल्यांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी ‘मुरूड फंड’ चालवला. पोटासाठी मुंबईत, जीव गावात, अशा कोकणी चाकरमान्याचेच हे आयुष्य. १८९१ साली पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला ते पुण्याला गेले. मुंबईतले त्यांचे वर्गमित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी तिच्याशी लग्न केले. ज्या मुरूडसाठी ते दारोदार वर्गणी मागत हिंडले होते, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. भारतरत्नाच्या गौरवात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. तो तसा उरकण्यासारखा नव्हता. घरच्यांनाही त्याची झळ बसली.

पुढचा कार्यक्रम सर्वपरिचित आहे : १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ. वयाच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे ते त्यानंतरचे. एकाहत्तराव्या वर्षी ते युरोप, अमेरिका, जपानच्या दौऱ्यावर निघाले आणि मग आफ्रिकेलाही जाऊन आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, शहाऐंशीव्या वर्षी समता संघ.

दीर्घायुष्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई किंवा ‘बाया’, १९५० साली गेल्या. थोरला मुलगा रघुनाथ याने मुंबईत संततिनियमनाचा प्रचार करण्यात सारे आयुष्य घालवले, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले अंगावर घेतले. तो १९५३ साली वारला तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. आपल्याकडे ‘शतायुषी व्हा’ असा आशीर्वाद देताना कोणी हे बोलत नाही.

१९५८ साली, शंभराव्या वाढदिवसाला, मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा सत्कार झाला. स्टेडियम या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच दिवशी त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. हयात भारतीयाचे तिकीट निघण्याची ती पहिली वेळ मानली जाते. भारतरत्नही त्याच वर्षी मिळाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचेही असेच : मुंबई इलाख्यात शिकले, इथल्याच बांधकाम खात्यात नोकरी केली, भारतरत्न झाले, शंभरी गाठली, जिवंतपणी तिकिटावर आले आणि १९६२ सालीच गेले. त्यांची समाधी त्यांच्या जन्मगावी, मुद्देनहळ्ळीला आहे.

कर्व्यांची तशी जागा नाही, आणि रूढीप्रमाणे असण्याचे कारणही नाही. हिंदू गृहस्थाचे दहन होते, अस्थी पाण्यात सोडतात. समाधी बांधायची ती संन्याशाची. वाळकेश्वरला बाणगंगा तलावाच्या काठी दशनामी गोसाव्यांच्या समाध्या आहेत त्या यामुळेच. पुरण्याची चाल असलेल्या समाजांनाही मुंबईत कायमची जागा मिळणे कठीण झाले आहे. चर्चच्या दफनभूमीत बहुतेक कबरी ठरावीक मुदतीनंतर पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कप्प्यात जातात आणि जागा दुसऱ्याला मिळते. शतायुषी माणसाच्या वयाइतकी तरी त्याची कबर टिकेल, अशी खात्री या शहरात देता येत नाही.

नाव टिकणेही सोपे नाही. जुने लोक अजून क्वीन्स रोडच म्हणतात, ऑफिसांच्या पत्त्यांत ‘एम. के. रोड’ असते. त्यांच्या महिला विद्यापीठाच्या नावातही कर्वे नाहीत. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हापासून ते त्यांच्या आईच्या, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने चालते. १९३६ साली त्याचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला आले. आज ते चर्चगेटजवळ, नाथीबाई ठाकरसी मार्गावर आहे. या रस्त्यापासून चालत काही मिनिटांवर.