कुंपणाची तारबांधणी

शेत, बाग, गोठा किंवा मोकळा प्लॉट यांच्याभोवती रोवलेल्या खांबांना तार ताणून पक्की करण्याचे काम म्हणजे तारबांधणी. रोजच्या बोलण्यात ‘तार कंपाउंड मारणे’ म्हटले की त्यात खड्डे काढणे, खांब रोवणे, तार ओढणे आणि ती बांधणे असे सगळेच आले. या चारांत बांधणीच्या वाट्याला सर्वांत कमी पैसे आणि सर्वांत कमी लक्ष येते. कुंपण मात्र बहुतेक वेळा तिथूनच सुटते. खांब उभा असतो, तार शाबूत असते, दोघांमधली गाठ तेवढी गेलेली असते.

साधा हिशेब करून पाहावा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. तुकडा चौरस धरला तर बाजू सुमारे २०९ फूट आणि घेर ८३५ फूट येतो. दर १० फुटांवर खांब म्हणजे ८४ खांब, आणि पाच पदरी तार मारायची तर ४२० गाठी. एवढ्या घेराला काटेरी तार जवळजवळ १,२७० मीटर लागते. १२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) घेतली तर काट्याची जाडी आणि दोन काट्यांमधले अंतर पाहून वजन १३० ते १६० किलोच्या घरात जाते. दर गाठीला एक फूट बांधणीची तार धरली तर १४ गेजची तार भरते सव्वातीन किलो. दुकानात घासाघीस होते ती या सव्वातीन किलोंवर, हे नवलच.

तार येण्याआधीही महाराष्ट्रात कुंपणे होतीच. देशावर बांधाला घायपात, निवडुंग, सागरगोटा आणि बाभळीच्या फांट्या लावत. कोकणात चिऱ्याचा किंवा धोंड्यांचा गडगा आणि त्यावर काटेरी वई. फांटी दरवर्षी नव्याने घालावी लागते, गडगा दरवर्षी थोडा ढासळतो, आणि दोन्हींना बांधावरची जागा बरीच लागते. तारेने ही जागा वाचवली. काटेरी तारेचे जे रूप पुढे जगभर चालले त्याचे पेटंट अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी मिळाले. काटे त्याच्याआधीही निघाले होते, पण ते तारेवर घसरत आणि सगळे एका जागी गोळा होत. ग्लिडनने एका तारेवर काटा वळवला आणि दुसरी तार तिच्याभोवती पिळून तो जागच्या जागी अडकवला. म्हणजे मूळ शोधही एका अर्थाने बांधणीचाच.

तार कोणत्या बाजूने

गाठ कशी मारायची याच्या आधी तार खांबाच्या कोणत्या अंगाला लावायची हे ठरते. नियम एकच आहे: रेटा ज्या बाजूने येणार त्या बाजूला तार. गुराने अंग घासले किंवा डुकराने मुसंडी मारली की तार खांबावर दाबली जाते आणि सगळा भार खांब घेतो. तार उलट बाजूला असेल तर तोच धक्का सरळ गाठीवर किंवा खिळ्यावर येतो. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या कुरणांत जनावर आत कोंडलेले असते, म्हणून तिथे तार आतल्या अंगाला असते. आपल्याकडे बहुतेक कुंपणे आतल्या पिकासाठी आणि बाहेरच्या जनावरांविरुद्ध असतात, तेव्हा तार बाहेरच्या अंगाला हवी. परदेशी चित्रे पाहून काम करणाऱ्यांची इथेच गफलत होते. गोठ्याच्या किंवा शेळ्यांच्या आवाराला मात्र आतली बाजूच बरोबर.

वळणावर आणखी एक गोष्ट आडवी येते. ताणलेली तार नेहमी वळणाच्या पोटाकडे ओढ घेते. शेताची हद्द बाहेरच्या बाजूला फुगली असेल तर बाहेरच्या अंगाची तार आपोआप खांबाला चिकटते. पण शेजाऱ्याच्या विहिरीला वळसा घालताना हद्द आत दबते, आणि तिथे बाहेरची तार खांब सोडून निघू पाहते. अशा दोन-तीन खांबांपुरती तार आतल्या अंगाने घ्यावी. तिथे जनावराचा रेटा अधूनमधून येतो. तारेचा ताण रात्रंदिवस असतो.

खांब तशी गाठ

लाकडी डांबाला यू-खिळा मारतात. बाभूळ, साग, निलगिरी यांचे डांब बुडाला डांबर फासून रोवले जातात. खिळ्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत बसले तर डांब उभा चिरतो, म्हणून खिळा किंचित तिरका धरतात. मधल्या डांबांवर तो पूर्ण ठोकून बसवायचा नाही, तार त्याखालून सरकेल एवढी फट ठेवायची. पूर्ण ठोकला की हातोडी तारेवर बसते, जस्ताचा थर फुटतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. वाळलेल्या बाभळीत खिळा वाकतो, तेव्हा आधी बारीक भोक पाडून घ्यावे. ओल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा जातो, आणि लाकूड वाळले की तितक्याच सहज हाताने निघतो.

आज सर्वांत जास्त दिसतो तो लोखंडी अँगलचा खांब. त्याला पाच किंवा सहा भोके पाडलेली असतात आणि बुडाशी दोन फाके करून तो काँक्रीटमध्ये बसवतात. काटेरी तार या भोकातून ओवता येत नाही, काटे अडतात. म्हणून ती भोकासमोर धरून वेगळ्या तारेने बांधावी लागते. सराईत हाताची गाठ जवळून पाहिली तर ती अशी दिसते. फूटभर तुकडा मधोमध दुमडून काटेरी तारेवर खोगिरासारखा बसवतात, एक टोक भोकातून पलीकडे जाते आणि दुसरे अँगलच्या कडेवरून वळून मागे येते. मागच्या बाजूला दोन्ही टोके पकडीत धरून आधी ओढायची आणि मग तीन-चार पीळ द्यायचे. नवशिका ओढत नाही, नुसते पिळत सुटतो. पीळ सुबक दिसतो, पण आतला विळखा सैलच राहतो. पाचव्या-सहाव्या पिळाला तार पांढरी पडू लागली की ती तुटायला आली असे समजावे. शेवटी उरलेली टोके आत, अँगलच्या खोबणीत, वाकवून टाकायची. बाहेर राहिलेले टोक गुराची कातडी फाडते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या धोतरासाडीलाही सोडत नाही.

विळखा काट्याच्या अगदी लगत बसवला तर काटाच अडसर होतो आणि तार एका दिशेला सरकत नाही. उतारावरच्या कुंपणात याचा चांगला उपयोग होतो.

सिमेंटच्या खांबात भोके ओतकामाच्या वेळीच ठेवावी लागतात. साच्यात तेल लावलेली सळई घालतात आणि सिमेंट धरू लागले की ती फिरवून काढून घेतात. काही ठिकाणी भोकांऐवजी तारेचे कडे आत रोवून ठेवतात. कडे गंजले की खांब चांगला असूनही निकामी होतो, म्हणून भोक केव्हाही बरे. भोक नसलेल्या खांबाला तार पूर्ण विळखा घालून बांधतात. हा विळखा हळूहळू खाली उतरतो. तो अडवायला छिन्नीने कोपऱ्यावर खाच मारायची लोकांना फार हौस, आणि तीच खांबाच्या मुळावर येते: खाचेतून पाणी आतल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि सिमेंटची कपची उडते. खाच हवी तर ती साच्यातच हवी. दगडी खांबाला ही भीती नाही. दगडात आत गंजायला काही नसते, त्यामुळे तिथे खुशाल खाच पाडावी.

बांधावर कडुनिंब किंवा आंबा आयता उभा असला की त्यालाच खिळा मारून तार पुढे नेण्याचा मोह होतो. झाड जाडीने वाढते, पण तार आणि खिळा जिथल्या तिथे राहतात. काही वर्षांत साल दोन्ही गिळून टाकते. पुढे कधी ते झाड कापायला काढले की करवतीचे दात त्या तारेवर जातात. तारेचा विळखा खोडाला घातला तर अन्नरस वाहणारी साल आवळली जाते आणि झाड वाळूही शकते. इलाज नसेल तर खोडाला उभी पट्टी सैल बांधून तार त्या पट्टीला बांधावी. शेवगा, पांगारा, गिरिपुष्प यांचे रोवलेले जिवंत खांबही याच नियमाचे. त्यांच्या गाठी दर वर्षाला सैल करून द्याव्या लागतात.

टोकाचा खांब आणि ताण

मधला खांब तार उचलून धरतो, टोकाचा खांब ती ओढून धरतो. पाच तारांना प्रत्येकी १०० किलोचा ताण दिला तर कोपऱ्यावर एका बाजूने अर्धा टन ओढ बसते. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू लागतो, आणि लांब ओळीत मध्येमध्येही दोन्हीकडून टेकू दिलेला खांब घेतात. काळ्या जमिनीत हे विशेष पाहावे लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब वर्षाला थोडाथोडा झुकतो. अशा मातीत खड्डा रुंद घेऊन मुरूम आणि दगड ठासून भरतात. खांब झुकला की गाठ कितीही चांगली असली तरी तारेला झोळ येणारच.

टोकाच्या खांबावर तार दोन वेळा गुंडाळून तिचे टोक तिच्याच अंगावर पाच-सहा घट्ट वेढ्यांनी आवळतात. इथे बारीक तारेच्या गाठीवर भरवसा ठेवू नये, ताण मूळ तारेनेच पेलला पाहिजे. दोन बंडलांचा जोड दोन खांबांच्या मध्ये घ्यावा. दोन्ही टोके एकमेकांत कडीसारखी अडकवून प्रत्येक टोक दुसऱ्या तारेवर वेढावे.

बांधणीची वेळही महत्त्वाची. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंश धरले तर १०० मीटर तारेत ४२ मिलिमीटरचा फरक पडतो. मे महिन्याच्या उन्हात कचकचून ताणलेली तार थंडीत खांबांना ओढू लागते, आणि थंडीत बेताची ताणलेली तार उन्हाळ्यात झोळ खाते. मधल्या खांबांवर तारेला किंचित सरकू द्यायचे ते यासाठीच.

ट्रॅक्टरला तार बांधून ओढण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ती वाईट आहे. ताण किती झाला हे चालकाला कळत नाही, आणि तुटलेली काटेरी तार चाबकासारखी उलटते. पहारीची तरफ किंवा तार ताणण्याची हाताची घोडी पुरते. बंडल सोडताना त्यात आडवी पहार घालून दोघांनी ती धरून चालत जावे. बंडल आडवे ठेवून तार उपसली तर दर वेढ्याला एक पीळ पडतो. चामडी हातमोजे हवेतच. ओरखडा आला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे.

गंज

बाजारात बांधणीसाठी दोन तारा मिळतात. सळया बांधायची मऊ काळी बायंडिंग वायर आणि जस्ताचा मुलामा असलेली, म्हणजे जीआय, तार. काळी तार स्वस्त आहे, हाताने वळते, आणि घराच्या स्लॅबमध्ये ती सिमेंटाच्या आत झाकलेली असल्याने टिकते. उघड्यावर मात्र दोन-तीन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो. काम घेणारा बहुधा तीच वापरतो, कारण तिच्यामुळे हात भराभर चालतो आणि वर्षभर फरक कोणाला दिसत नाही. जस्त आधी स्वतः झिजते आणि खालच्या लोखंडाला वाचवते. काटेरी तारेला हे कवच असताना तिची गाठ उघड्या लोखंडाची ठेवण्यात काहीच हशील नाही. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर जाड मुलाम्याचीच तार घ्यावी.

रानडुक्कर, रोही आणि झटका

रानडुक्कर खालच्या तारेखाली नाक घालून ती वर उचलते. इथे रेटा आडवा नसून उभा असतो, आणि साध्या गाठी त्याला तयार नसतात. सर्वांत खालच्या तारेची गाठ दुहेरी घालतात आणि दोन खांबांच्या मधोमध खुंटी ठोकून तार तिला खाली बांधतात. विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय वरून झेप घेते, तेव्हा वरच्या तारेवर अख्खे जनावर आदळू शकते. तिथे गाठीने टिकण्यापेक्षा तार उंच असणे अधिक उपयोगी. पाच आडव्या तारांवर दोन तिरप्या तारा टाकून त्या फुलीवर एकमेकींना बांधल्या की सगळे पदर एकत्र काम करतात आणि मधली फट फाकवता येत नाही.

सौर कुंपणात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘झटका मशीन’मध्ये, बांधणीचा अर्थच उलटा होतो: तार खांबाला टेकताच कामा नये. ती चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या इन्सुलेटरवर बसवतात. यंत्र साधारण सेकंदाला एक असा क्षणिक झटका सोडते, त्याने जनावर बिचकते पण मरत नाही. पावसाळ्यात गवत वाढून तारेला लागले की झटका जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालचे तण काढत राहावे लागते. वन विभागाच्या जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणाला अनुदान दिले जाते. विजेच्या खांबावरची वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याने जनावरांबरोबर माणसेही गेली आहेत, कित्येकदा घरातलीच.

कुंपणाची फेरी पावसाळा संपल्यावर, गवत वाळायच्या आत मारतात. हातात पकड आणि खिशात फूटफूट कापलेले तारेचे तुकडे असले की पुरे. चालताना प्रत्येक खांबाजवळ तार मुठीत धरून एकदा हलवायची. गाठ वाजली तर ती सैल झाली आहे, आणि हाताला तांबडी भुकटी लागली तर ती बदलायची आहे.